दोन बैठकांच्या मध्ये

शैला, निकाल आला. तू हरलीस.

काल दुपारी अनन्याचा फोन आला. तिच्या नुसत्या 'हॅलो'वरून कळलं की बातमी चांगली आहे आणि ती सांगताना ही पोरगी रडणार आहे. झालंही तसंच. हृदयविकाराच्या धोक्यांबद्दल माणसाला कितपत माहिती आहे हे तपासणारी ती इंग्रजी प्रश्नावली, जी आपण तिघींनी मिळून मराठीत आणली, ती पास झाली. त्याच माणसांनी दोन आठवड्यांच्या अंतरानं तेच प्रश्न पुन्हा सोडवले आणि उत्तरं जवळपास तीच आली. म्हणजे आपली प्रश्नावली भरवशाची आहे, आज एक आणि उद्या दुसरंच सांगणारी नाही. "शी वुड हॅव बीन सो हॅपी, मावशी," एवढं बोलून अनन्या हुंदके द्यायला लागली. मी जेवलीस का, झोपलीस का वगैरे विचारून तिला गप्प केलं, फोन ठेवला आणि सवयीनं तुझा नंबर लावायला पुन्हा उचलला.

कारण वाद आपल्या दोघींचा होता. तू म्हणायचीस, माणूस दोन आठवड्यांत तोच राहत नाही. मी म्हणायचे, चांगला राहतो. मी जन्मभर केमिस्टच्या काउंटरमागे उभी राहून माणसं बघितली, ती वीस-वीस वर्षं बदलत नाहीत, तू दोन आठवड्यांचं काय घेऊन बसलीस. तर आता आकडे माझ्या बाजूनं बोलले आहेत. एरवी तुला उलट उत्तर द्यायला कधी क्षणही लागला नसता. मी कालपासून वाट बघते आहे.

तू कुठे शिकलीस, कुठल्या हॉस्पिटलात किती वर्षं नर्स होतीस, हे सगळं तुझ्या रोहननं क्रिमेटोरियममध्ये नीट वाचून दाखवलं. बिचाऱ्यानं दोन भाषांत लिहून आणलं होतं आणि मराठीतलं वाचताना तुझ्याबद्दल एकदा 'तो' म्हणाला. समोर बसलेले सगळे रडता रडता हसले. तूही हसली असतीस आणि मग घरी जाऊन मला म्हणाली असतीस की पोराला शनिवारच्या मराठी शाळेत आणखी दोन वर्षं घालायला हवं होतं. मला त्या सगळ्याची उजळणी करायची नाही. मला फक्त तुझ्याशी बोलायचंय, कारण शेवटचं बोलणं अर्धवट राहिलंय आणि ते अर्धवट राहिलेलं मला सोसत नाही.

तुला आठवतंय ना हे सुरू कसं झालं? तू रिटायर व्हायच्या आधीचं शेवटचं वर्ष. तुमच्या हृदयरोग विभागात एक बाई आल्या होत्या, साताऱ्याकडच्या, मुलाकडे राहायला आलेल्या. प्रश्नांचा कागद इंग्रजीत, म्हणून मुलगाच तो भरत होता. आईला सगळं माहीत आहे, म्हणत भराभर खुणा करत गेला आणि बहुतेक सगळं बरोबर भरून मोकळा झाला. मग तो कार पार्कची वेळ वाढवायला खाली गेला तेवढ्यात तू त्या बाईंशी मराठीत बोललीस. छातीत दुखायला लागलं तर त्या ओवा खाऊन पडून राहणार होत्या. नवऱ्याचंही असंच झालं होतं आणि त्याला पित्त होतं, असं त्या अजून समजत होत्या. तू घरी येऊन मला फोन केलास तो चिडूनच. "तो पोरगा खुणा करून राहिला अन् आई खाली मान घालून बसून राहिली," तू म्हणालीस. "त्या कागदावर बाई हुशार निघाली. अन् मरेल ती." तू अशी रागात असलीस की तुझं नागपूर पूर्ण बाहेर यायचं.

रिटायर झाल्यावर माणसं बाग करतात, क्रूझला जातात. तू युनिव्हर्सिटीत जाऊन अनन्याला शोधून काढलंस. लेस्टरमध्ये जन्मलेली, मराठी बोलता येतं पण वाचायला बसली की जोडाक्षरापाशी अडखळणारी. तिला याच विषयावर पीएचडी करायची होती आणि भाषांतर करणारे दोघे हवे होते. एक तू. दुसरी कोण, तर मी. मला विचारलंही नाहीस. मी नुकती काम सोडून घरी बसले होते, सकाळी दहा वाजता टीव्ही लावायला लागले होते आणि ते तुझ्या नजरेतून सुटलं नव्हतं. तू मला त्या खुर्चीतून उठवलंस, शैला. हे मी तुला कधी बोलून दाखवलं नाही. आपल्यात असलं बोलायची पद्धत नाही. मी त्याऐवजी तुझ्या वाक्यांमधल्या चुका काढत राहिले.

आणि ते नियम. दोघींनी वेगवेगळं भाषांतर करायचं, आणि पूर्ण होईपर्यंत एकमेकींना त्यातलं अवाक्षर सांगायचं नाही, म्हणे. आपण दिवसातून दोनदा फोनवर बोलणाऱ्या बायका. त्या महिन्यात आपण हवापाण्यावर बोललो, कौन्सिलनं बदललेल्या कचऱ्याच्या बिनच्या वारांवर बोललो, तुझ्या गुडघ्यावर बोललो. एकदा तू बोलता बोलता 'कोलेस्टेरॉल' म्हणालीस आणि दोघी एकदम गप्प झालो, शाळेत कॉपी करताना पकडल्यासारख्या. मग कागद समोरासमोर ठेवायचा दिवस आला. माझ्या स्वयंपाकघरातलं टेबल, एका बाजूला तू, एका बाजूला मी, मध्ये अनन्या लॅपटॉप घेऊन पंचासारखी. तुझं म्हणणं, मी लिहिलेलं वाचून लोकांना वाटेल कोर्टाची नोटीस आली. माझं म्हणणं, तुझं वाचून वाटेल शेजारीण कुंपणावरून बोलते आहे. अनन्या म्हणाली, शेजारीण इज बेटर. तिथेच तू जिंकायला सुरुवात केलीस.

खाण्यापिण्याचे प्रश्न तर आपण जवळजवळ नव्यानं मांडले. मूळ कागदात टोस्टवरचं लोणी आणि डब्यातलं मांस. आपण तिथे वरणभातावरचं तूप आणलं, शेंगदाण्याचं कूट आणलं, लोणचं-पापड आणले. तुला त्यात उपवासाचा प्रश्न घालायचाच होता. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि वर तळलेले पापड हाणून लोक म्हणतात आज पोटाला आराम दिला, हे विचारल्याशिवाय मराठी माणसाचं हृदय कळायचं नाही, असं तू अनन्याला समजावत होतीस. तिनं कपाळाला हात लावला. मुळात नसलेला प्रश्न घालता येत नाही, मावशी. तू आठवडाभर रुसलीस. दर चतुर्थीला मला फोन करून मुद्दाम विचारायचीस, काय मग, आज पोटाला आराम का.

मग आपली पहिली बैठक, लेस्टरच्या मंडळाच्या हॉलमध्ये. ती आठवली की मला अजून हसू येतं आणि लगेच पाठोपाठ दुसरं काहीतरी येतं. प्रश्नावली पक्की आहे का हे बघायचं तर तीच माणसं दोनदा बसवावी लागतात. वजनकाट्यावर आपण उतरून पुन्हा चढून बघतो, तसं. मध्ये त्यांना काही शिकवायचं नाही, काही सांगायचं नाही. अनन्यानं सगळ्यांना समजावलं की ही परीक्षा नाही, तुम्हाला जे वाटतं ते लिहा. आता मराठी माणसापुढे प्रश्न छापलेला कागद ठेवून ही परीक्षा नाही असं सांगणं म्हणजे काय. लोकांनी कागद हातानं झाकून लिहिले. बायकांना नवरे शेजारी नकोत, कारण ते डोकावतात. दामले काकांनी, उभं आयुष्य कौन्सिलच्या ऑफिसात काढलेल्या माणसानं, सही करून वर नापास होण्याची मर्यादा किती ते विचारलं.

आणि पुढचे दोन आठवडे काकांनी आपल्या घरी अभ्यासवर्ग चालवला. आपल्याला पत्ता नाही. आठवणीतून प्रश्न काढले, ग्रंथालयातून पुस्तकं आणली, जीपी डॉक्टरच्या दवाखान्यातली पत्रकं आणली, झेरॉक्स काढून घरोघर वाटली. मंडळाचा निकाल चांगला लागला पाहिजे, हे त्यांचं म्हणणं. दुसऱ्या बैठकीला सगळे आंघोळ-पूजा करून आल्यासारखे आले, अर्ध्या वेळात कागद लिहून दिले आणि बहुतेकांना पैकीच्या पैकी. त्यातल्या एकीनं तर बाहेर येऊन विचारलं, बक्षीस समारंभ कधी.

अनन्या कार पार्कमध्ये उभी राहून रडली. "सगळी डेटा गेला, मावशी. ते लोकांनी अभ्यास केला. लाइक, ॲक्च्युअल अभ्यास." तिचं एक वर्ष वाया गेलं होतं, कारण पहिल्या आणि दुसऱ्या उत्तरांचा एकमेकांशी काही संबंधच उरला नव्हता. मी तिला धीर देत होते आणि तू गाडीला टेकून हसत होतीस, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मला तुझा राग आला. आपण तिला बेलग्रेव्ह रोडवर चहा प्यायला नेलं आणि तिथे, ढोकळ्याची बशी मध्ये ठेवून, आपला वाद पहिल्यांदा झाला.

तू म्हणालीस, काम तर झालं. एवढी माणसं आता छातीत दुखलं तर ओवा खाणार नाहीत, अँब्युलन्ससाठी नऊशे नव्याण्णव फिरवतील. आणखी काय पाहिजे? मी म्हटलं, पाहिजे ते हे की उद्या कुणी दुसऱ्या गावातली नर्स हा कागद एखाद्या आजीच्या हातात देईल तेव्हा त्यातून खरं काय ते कळलं पाहिजे. त्यासाठी आधी हे सिद्ध व्हायला हवं की माणूस तोच राहिला तर उत्तरही तेच येतं. "अन् माणूस तोच राहत नसला तर?" तू विचारलंस. "काहून गं, एखाद्याला प्रश्न विचारला की तो घरी जाऊन विचार करत नाही का? विचारणं म्हणजेच हलवणं असते." मी म्हटलं, मग काहीच मोजता येणार नाही. तू म्हणालीस, मोज ना, पण मोजताना तो हलतो आहे हे तरी कबूल कर. मी नाही कबूल केलं. चहा गार झाला आणि अनन्या आपल्याकडे, टेनिस बघताना बघतात तशी, मान हलवत बघत राहिली.

तरी दुसऱ्या खेपेसाठी माणसं तूच गोळा केलीस. या वेळी लेस्टरला नाही, रीडिंगला. रोहन बेसिंगस्टोकला राहतो, त्याच्या आणि त्याच्या मित्रांच्या ओळखीनं. एम फोर मोटरवेच्या काठानं ऑफिसांत काम करणाऱ्या मुलांचे आईवडील, कुणी कायमचे आलेले, कुणी सहा महिन्यांसाठी नातवंडं सांभाळायला. एकमेकांना फारसे न ओळखणारे, त्यामुळे अभ्यासवर्गाची भीती नाही. अनन्यानं तिथेच आपल्याला बजावलं होतं की ही शेवटची संधी. तिची मुदत संपत आली होती. आता पुन्हा बिघडलं तर प्रश्नावली कपाटात जाणार होती, आणि कुठल्या तरी आजीच्या जागी पुन्हा तिचा मुलगा खुणा करणार होता.

तिथली पहिली बैठक तू कशी रंगवलीस. मदत करायची नाही असा नियम, म्हणून दाराशी खुर्ची टाकून हात मांडीखाली दाबून बसलीस, सुईणीला बाळंतपण नुसतं बघायला लावल्यासारखी. पण आधी आणि नंतर एकेकाशी बोललीस. कुणाची कुठली गोळी, कुणाचा मुलगा रात्री किती वाजता घरी येतो, कुणाला इथली थंडी सोसत नाही. मालतीबाई तुझ्याकडेच येऊन बसल्या. लेकीकडे राहणाऱ्या, सोलापूरच्या, कमी बोलणाऱ्या. कित्येक वर्षांत हातात पेन धरलं नव्हतं म्हणाल्या. त्यांनी सर्वांत शेवटी कागद दिला, आणि मग हळूच तुला विचारलं की तुपाचं खरं उत्तर काय. तू सांगितलं नाहीस. दोन आठवड्यांनी सांगते, म्हणालीस. तुला किती जड गेलं ते मी बघितलं.

परतताना अनन्या गाडी चालवत होती आणि आपण दोघी मागे. तू म्हणालीस, बघ, मालतीबाई आता घरी जाऊन विचार करतील, पुढच्या वेळी त्या वेगळ्या असतील. मी म्हटलं, उत्तर तेच लिहितील. लाव पैज, तू म्हणालीस. ऑक्सफर्ड मागे पडेपर्यंत आपण भांडलो. मग तुला डुलकी लागली आणि तुझं डोकं माझ्या खांद्यावर आलं. घरापाशी उतरताना तू खिडकीतून आत वाकून एवढंच म्हणालीस, "पुढच्या खेपेला दाखवते तुला." हे शेवटचं. त्यानंतर फोन झाले, पण ते गुडघ्याचे आणि भाजीचे.

बिन बाहेर ठेवायला गेली होतीस. समोरच्या बाईंनी तुला पडलेलं बघितलं. डोक्यातली एक रक्तवाहिनी फुटली होती, आणि ते आधी कधी कुणाला कळलंही नसतं असं डॉक्टर म्हणाल्या. रोहन बेसिंगस्टोकहून येईपर्यंत तुझ्याजवळ मी होते. इंटेन्सिव्ह केअरमधली ती तरुण नर्स मॉनिटरकडे बघून मला म्हणाली, तिचं हार्ट किती छान आहे, किती नियमित. ती धीर द्यायला म्हणाली असणार. मला त्या पोरीला ओरडून सांगावंसं वाटलं की असणारच, ह्या बाईनं दुसऱ्यांच्या हृदयात आयुष्य घालवलंय. दुसऱ्या दिवशी सगळं थांबवायचं ठरलं तेव्हाही ते ठोके बराच वेळ चालत राहिले. रोहन तुझा एक हात धरून होता, मी दुसरा. मी तुझ्याशी मनातल्या मनात भांडत होते, कारण दुसरं काही मला येत नव्हतं.

आणि मग ते इथलं वाट बघणं. आपल्याकडे असती तर त्याच दिवशी सगळं आटोपलं असतं. इथे दाखला, मग रजिस्ट्रार, मग क्रिमेटोरियमची वेळ, आणि ती मिळाली थेट पुढच्या आठवड्यातली. तू कुठल्या तरी थंड खोलीत आणि आम्ही घरात चहा करून ओतून देणारे. दुसरी बैठक त्या मधल्या रविवारीच होती.

अनन्या म्हणाली, आपण रद्द करू या, मावशी, इट्स ओके. ते ओके नव्हतं. तारीख पुढे ढकलली तर निम्मे आजी-आजोबा तोवर भारतात परतणार होते. रोहन माझ्या सोफ्यावर बसला होता, दाढी वाढलेली. मला सुतक नाही, मी तुझी नातेवाईक नाही. पण तू तिथे त्या खोलीत असताना मी लोकांना कोलेस्टेरॉलचे कागद वाटत हिंडायचं, हे मला झेपेना. शेवटी रोहनच म्हणाला, "मावशी, तू जा. तू नाही गेली ना, तर आई मला येऊन ओरडेल." मग त्यानं हलक्या आवाजात विचारलं की तिथल्या लोकांना सांगणार का. कारण रीडिंगला अजून कुणाला माहीत नव्हतं.

हाच तर प्रश्न होता. दोन बैठकांच्या मध्ये काहीही घडलेलं नसावं, ही त्या सगळ्या पद्धतीची अट. ज्या बाईनं दोन आठवड्यांपूर्वी त्यांच्याशी हसून बोलून कागद हातात दिले ती गेली, हे कळल्यावर कोण शांतपणे लिहील? कुणी घाबरून वेगळं लिहील, कुणी कागद ठेवून निघून जाईल. अनन्यानं निर्णय माझ्यावर सोडला. मी ठरवलं, आधी लिहू द्यायचं, मग सांगायचं. तू काय केलं असतंस याचा मी पुष्कळ विचार केला. तू बहुतेक आधी सांगितलं असतंस आणि प्रश्नावली गेली खड्ड्यात म्हणाली असतीस. किंवा नसतंसही. तुझ्याबद्दल माझी खात्री कधीच नव्हती, म्हणून तर करमायचं तुझ्याबरोबर.

हॉल तोच, खुर्च्या तशाच. एकेक जण येत होता आणि दारातच विचारत होता, शैलाताई कुठे आहेत? "आज यायला जमलं नाही तिला," मी म्हणत होते. पहिल्यांदा म्हणताना मी हातातल्या कागदांकडे बघत होते. पण माणसं येत राहिली आणि ते वाक्य मी इतक्यांदा म्हटलं की शेवटी शेवटी मला त्यातला पुढचा भागही दिसायला लागला. तू घरी असशील, गुडघ्याला शेक घेत असशील, आणि परत गेल्यावर मला हे सगळं तुला सविस्तर सांगावं लागेल.

मालतीबाई आल्या त्या स्टीलचा डबा घेऊन. डिंकाचे लाडू, खास तुझ्यासाठी. तू भेटली नाहीस म्हणून त्यांचा चेहरा उतरला. डबा माझ्या हातात देत म्हणाल्या, "त्यांना सांगा, या वेळी तूप निम्मंच घातलंय. वळताना फुटत होते, पण नाही घातलं. त्यांनी विचारल्यापासून डोक्यातून जात नाही."

मी 'सांगते हं' म्हणत डबा घेतला. हे अनन्याच्या आकड्यांत कुठेच नाही, शैला. तुपाच्या प्रश्नाला त्यांनी दोन्ही वेळा एकच उत्तर लिहिलंय, मी काल तिला मुद्दाम विचारलं. कागदावर बाई तशीच्या तशी आहे. लाडू वेगळे आहेत. तेव्हा मी सुरुवातीला म्हटलं की तू हरलीस, ते आकड्यांपुरतं. बाकीचं कसं धरायचं ते मला एकटीला ठरवता येत नाही. तू असतीस तर त्या डब्यावरून माझी वर्षभर थट्टा केली असतीस, आणि मी म्हटलं असतं की एका डब्यानं काही सिद्ध होत नाही. मला ते म्हणायला मिळायला हवं होतं.

मग सगळे लिहायला बसले. मी तुझ्यासारखी दाराशी खुर्ची टाकून बसले. हॉलमध्ये फक्त पानं उलटल्याचा आवाज आणि कुणाचा तरी खोकला. एकेकाचं होत आलं, कागद देऊन लोक चहाकडे गेले, तिकडे बोलणं सुरू झालं. शेवटी मालतीबाईच उरल्या. एकेक प्रश्न ओठांतल्या ओठांत वाचत होत्या, बोट ओळीखाली धरून. त्यांच्यापुढे अजून एक पान होतं. अनन्या टेबलापलीकडून माझ्याकडे बघत होती, कारण सगळ्यांचं झालं की उभं राहून मला सांगायचं होतं.

त्या हॉलमध्ये कुणालाच माहीत नव्हतं, शैला. त्या माणसांच्या लेखी तू लेस्टरला आपल्या घरी होतीस, फक्त आज जमलं नव्हतं तुला. पुढच्या वेळी भेटू, असं दोघा-तिघांनी मला बजावलंही होतं. पुऱ्या इंग्लंडात तेवढी एकच जागा होती जिथे तू अजून होतीस, आणि ती त्या बाईंचं पान संपेपर्यंतच होती.

मालतीबाईंनी मान वर केली. "माझ्यामुळे सगळे खोळंबलेत का हो?" त्यांनी विचारलं.

"नाही हो," मी म्हणाले. "सावकाश लिहा."

त्यांनी पुन्हा बोट ओळीवर ठेवलं. मी जन्मात कधी कुणाला इतक्या मनापासून सावकाश म्हटलं नसेल. माझ्या काउंटरसमोर कुणी गोळ्यांच्या पाकिटावरचं वाचत उभं राहिलं तरी माझा जीव वरखाली व्हायचा, तुला माहीत आहे. आणि त्या रविवारी मी मनात म्हणत होते, बाई, चष्मा पुसा, परत पहिल्यापासून वाचा, पाणी प्या, मला कुठेही जायचं नाही.

त्यांनी शेवटची खूण केली. पानं सारखी केली, दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली. मी ती घेतली आणि मग मला उठून उभं राहावं लागलं.